दादरच्या अ‍ॅलर्जी क्लिनिकमधली स्किन प्रिक टेस्ट, एक सीझन काढल्यानंतरचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू लिहायला मी मुद्दाम वर्षभर थांबले. टेस्ट करून आल्यावर दुसऱ्याच दिवशी "छान आहे, जरूर जा" असं लिहिण्यात काही अर्थ नव्हता, कारण माझा त्रास वर्षातल्या ठराविक महिन्यांत उसळतो आणि ते महिने एकदा पार पडल्याशिवाय फरक पडला की नाही ते मलाच कळणार नव्हतं. आता पार पडलेत म्हणून लिहितेय. क्लिनिकचं नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला नावापेक्षा ही टेस्ट (ज्यांची अ‍ॅलर्जी असू शकते त्यांच्या अर्काचे थेंब हातावर टाकून बारीक टोचून बघतात ती) कशी होते, तिचा उपयोग कुठे होतो आणि कुठे नाही ते सांगायचंय. दादर वेस्टला, स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटं, एवढं पुरे.

मी नाहूरला राहते, वय ४३, दमा लहानपणापासून, आईला पण आहे. त्याच्या जोडीला नाक. सकाळी उठल्या उठल्या दहा-पंधरा शिंका, मग नाक गळणार, मग दिवसभर चोंदलेलं, डोळ्यांना खाज, टाळूला आतून खाज. इतकी वर्षं मी नाकासाठी एका डॉक्टरकडे आणि छातीसाठी दुसऱ्याकडे जात होते, दोघांच्या फाईली वेगळ्या आणि दोघांनी एकमेकांची फाईल कधी बघितली नाही. गणपतीचं विसर्जन झालं की माझं सुरू व्हायचं. नवरात्रात वाढायचं, दिवाळीपर्यंत पंप दिवसातून चार-चार वेळा, रात्री उशा रचून बसून झोपायचं. सगळे म्हणायचे हवा बदलली, ऑक्टोबर हीट आहे, फटाक्यांचा धूर आहे. मी पण तेच म्हणायचे. पण फटाके फुटायच्या तीन-चार आठवडे आधीच मी आडवी झालेली असायचे हे कधी डोक्यातच आलं नाही. दोन वर्षांपूर्वी कोजागिरीच्या रात्री तर कॅज्युअल्टीत नेऊन नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारं मशीन, लावावा लागला, गच्चीवर सगळी सोसायटी दूध पीत होती आणि मिस्टर मला रिक्षात घालून नेत होते.

त्यानंतर घाबरून आम्ही आधी एक चूक केली, ती पण सांगते कारण बरेच जण तीच करतात. घरी येऊन रक्त नेणारं एक पॅकेज घेतलं, दोनशेच्या वर पदार्थांची टेस्ट, रिपोर्ट रंगीत, लाल-पिवळे-हिरवे पट्टे. त्यात मला दूध, गहू, तूर, वांगं, शेंगदाणे, अंडं असं सगळं लाल आलं. फोनवर एका मुलीने सांगितलं, मॅडम हे सहा महिने बंद करा. मी चार महिने बंद केलं. तूरडाळ नाही, चहात दूध नाही, पोळी नाही, घरात माझ्यासाठी वेगळं शिजायचं, सात किलो वजन उतरलं आणि शिंका होत्या तेवढ्याच राहिल्या. नंतर या क्लिनिकमध्ये कळलं की ती आयजीजी टेस्ट होती. आपण जे खातो त्याच्या आयजीजी अँटिबॉडीज शरीरात असतातच, त्यावरून अ‍ॅलर्जी ठरत नाही. अ‍ॅलर्जीत जिचा हात असतो ती आयजीई. एका अक्षराचा फरक, आणि त्यासाठी मी चार महिने वरणभाताशिवाय काढले. त्या लॅबवाल्यांचा मला अजून राग आहे.

आता क्लिनिक. फोनवर अपॉइंटमेंट मिळाली तीन आठवड्यांनंतरची. पहिल्या दिवशी टेस्ट केलीच नाही! मी ऑफिसमधून हाफ डे टाकून गेलेले, थोडी चिडले पण. पण डॉक्टरबाईंनी जवळजवळ चाळीस मिनिटं फक्त विचारलं. कुठल्या महिन्यात, किती वाजता, घरात जास्त की बाहेर, ट्रेनमध्ये कसं वाटतं, एसी ऑफिसमध्ये गेल्यावर कमी होतं का, गावाला गेल्यावर काय होतं, झुरळं आहेत का, भिंतीला ओल आहे का, गादी किती वर्षांची, खिडकीच्या ग्रीलमध्ये कबुतरं बसतात का. आणि मग एक प्रश्न जो मला आजपर्यंत कोणी विचारला नव्हता, तुमच्या बेडरूमच्या खिडकीतून काय दिसतं?

आमच्या खिडकीतून रखडलेला रिडेव्हलपमेंटचा प्लॉट दिसतो. चारी बाजूंनी पत्रे ठोकलेत, आत जुनी बिल्डिंग पाडून पाच वर्षं झाली, पावसाळ्यानंतर तिथे छातीएवढं रान माजतं आणि वर पांढरी बारीक फुलं. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी फोटो काढून आणा, आणि तोपर्यंत वहीत रोज लिहा. आता तो जानेवारी होता, रान बरंचसं वाळलेलं, पण पत्र्याच्या कडेने काही झाडं अजून फुलावर होती, मुलीने खिडकीतून झूम करून फोटो काढले. गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली पानं, वर तांदळाच्या कणीएवढी पांढरी फुलं. गाजरगवत. काँग्रेस गवत म्हणतो ना आपण, तेच. दुसऱ्या फोटोत काटेमाठ होता, तो तर मी ओळखलाच, गावाला आजी त्याची कोवळी पानं भाजीला घ्यायची.

टेस्टच्या आधी सात दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या पूर्ण बंद, म्हणजे लिव्होसेट्रिझिन वगैरे, कारण त्या चालू असल्या तर कातडी प्रतिसादच देत नाही आणि सगळं निगेटिव्ह दिसतं. सर्दीच्या साध्या गोळ्या आणि सिरप पण नाही, त्यात पण तेच औषध असतं, हे मला माहीत नव्हतं. पण पंप बंद करायचा नाही, नाकाचा स्प्रे पण बंद करायचा नाही, हे त्यांनी कागदावर लाल पेनने लिहून दिलं. आणि बीपीची गोळी चालू असेल तर तिचं नाव आधी सांगा, काही गोळ्यांनी, बीटा ब्लॉकर म्हणतात त्या, रिअ‍ॅक्शन आली तर ती आवरायला जड जातं. ते सात दिवस मात्र खरंच वाईट गेले, रुमालांची थप्पी घेऊन ऑफिसला जायचे.

टेस्टच्या दिवशी आधी पीक फ्लो मीटरमध्ये, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर सुटतो ते मोजणाऱ्या नळीत, फुंकायला लावलं, तीनदा. आकडा कमी आला असता तर टेस्ट पुढे ढकलली असती, दमा चढलेला असताना ही टेस्ट करत नाहीत. मग सिस्टरने माझा हात उताणा टेबलावर ठेवला आणि कोपरापासून मनगटापर्यंत बॉलपेनने आकडे लिहिले, दोन रांगा, दोन्ही हातांवर. छोट्या बाटल्या फ्रीजमधून काढून स्टँडवर मांडलेल्या, प्रत्येक आकड्याशेजारी एक थेंब, आणि प्रत्येक थेंबातून एक बारीक टोचणी, प्रत्येकासाठी नवीन. रक्त येत नाही. मुंगी चावल्यासारखं वाटतं, बस. "ताई, आता खाजवायचं नाही हां, कितीही वाटलं तरी," सिस्टर म्हणाली आणि समोरच्या भिंतीवर घड्याळ दाखवलं.

दोन थेंब मुद्दामचे असतात. एक नुसतं मिठाचं पाणी, तिथे काही उठायला नको. दुसरा हिस्टामिनचा, म्हणजे अ‍ॅलर्जीत शरीर स्वतःच सोडतं त्या रसायनाचा, तिथे उठायलाच पाहिजे, नाही उठलं तर टेस्टच फुकट. पाचव्या मिनिटाला हिस्टामिन उठला. आठव्या मिनिटाला डाव्या हातावर सहा नंबरला खाज सुरू झाली, अशी की दात आवळून बसले. बघता बघता तिथे पित्ताची गांधी उठते तशी पांढरट फुगीर गाठ आली, मग तिला पाय फुटल्यासारखे दोन बाजूंना लांबली आणि भोवती लाल गोल, जुन्या चार आण्याएवढा. सहा नंबर म्हणजे गाजरगवताचे पराग. माझ्या खिडकीतलं झाड माझ्या हातावर उमटलं होतं. मला रडू आलं खरं सांगते, इतकी वर्षं लोक म्हणत होते की तुझं मनावर आहे, तू फार घाबरतेस.

वीस मिनिटं झाल्यावर डॉक्टरबाई आल्या. प्रत्येक गाठीच्या कडेने बारीक पेनने रेघ मारली, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली, काढली आणि ती माझ्या फाईलमधल्या कागदावर चिकटवली. त्यामुळे गाठींचे आकार जसेच्या तसे कागदावर आले, मग पट्टीने मोजले. मिठाच्या पाण्यापेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह धरतात. माझे आकडे असे: गाजरगवत ८, धुळीतले माइट्स (गादी-उशीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) ६, काटेमाठ ५, एरंड ३, विलायती बाभूळ ३. झुरळ शून्य, बुरशी शून्य. खाण्याचे पदार्थ त्यांनी लावलेच नाहीत, म्हणाल्या, "खाऊन काही होत नाही ना तुम्हाला? मग कशाला शोधायचं?"

आणि इथे मला या क्लिनिकचं खरं मोल कळलं. दुसरीकडे पाच पॉझिटिव्हची यादी हातात देऊन सांगितलं असतं की या पाचांपासून लांब राहा. यांनी माझी वही उघडली आणि एकेक आकडा त्या वहीसमोर ठेवला. माइट्स, बरोबर, कारण सकाळच्या शिंका बारा महिने असतात, गादीवरून उठल्यावर. गाजरगवत आणि काटेमाठ, बरोबर, कारण पावसानंतर रान फुलावर येतं ते सप्टेंबरपासून आणि तुमची छाती भरते ती पण तेव्हाच. बाभूळ आणि एरंड मात्र त्यांनी पेन्सिलने खोडले. कातडीने ओळख दाखवली म्हणजे आजार झाला असं नाही, जोपर्यंत त्या झाडाच्या मोसमात त्रास होत नाही तोपर्यंत त्याचं काही करायचं नाही.

नाक आणि छातीचं पण तेव्हाच नीट समजलं. दोन्ही एकच नळी आहे, वरचं टोक नाक आणि खालचं टोक फुफ्फुसं, आतलं अस्तर सारखंच. वर सूज असेल तर खाली पण असते, आणि नाक चोंदलं की आपण तोंडाने श्वास घेतो, मग न गाळलेली, कोरडी हवा थेट छातीत. म्हणून नाकाचं औषध नीट घेतलं की दमा पण आटोक्यात यायला मदत होते. हे ऐकलं तेव्हा माझ्या त्या दोन फाईली डोळ्यासमोर आल्या.

गाजरगवताबद्दल मी नंतर बरंच वाचलं. हे आपलं नाहीच, मूळ अमेरिका खंडातलं. १९५० च्या दशकात पीएल-४८० च्या, म्हणजे अमेरिकेहून मदत म्हणून आलेल्या, गव्हाबरोबर बी आलं असं म्हणतात आणि भारतात ते पहिल्यांदा नजरेत आलं ते आपल्या पुण्यात. एक झाड हजारोंनी बी टाकतं. ते खाणारे मेक्सिकन भुंगे १९८४ मध्ये आपल्याकडे आणून सोडले, भावाच्या शेताच्या बांधावर मी ते बघितलेत, पिवळट पाठीवर तपकिरी नक्षी. पण भुंगे आले म्हणून गवत संपलं असं झालेलं नाही. मुंबईत कुठलीही रिकामी जागा घ्या, रुळांच्या कडेला, नाल्याच्या भिंतीवर, पत्रे ठोकलेल्या प्लॉटमध्ये, ते आहेच. परागांशिवाय ह्याच्या पाल्याने कातडीला पण त्रास होतो, म्हणून उपटणाऱ्याने हातमोजे, मास्क आणि फुल बाह्या घालूनच उपटायचं, आणि फुलं यायच्या आधी. आणि दमेकऱ्याने स्वतः उपटायला जाऊच नये. आमच्या सोसायटीने मागे एकदा भर ऑक्टोबरात रविवारी सकाळी मशीन लावून ते कापलं होतं, त्या दिवशी दुपारी मी अंथरुणात होते, कारण आत्ता कळतंय.

उपचारात पहिल्या दिवसापासून इंजेक्शन गळ्यात मारलं नाही, हे मला आवडलं. आधी नाकाचा स्टिरॉइड स्प्रे आणि रोजचा पंप नीट करायला दोन महिने दिले. सिस्टरने स्प्रे माझ्याकडून करून घेतला तेव्हा कळलं की मी दहा वर्षं तो चुकीचा मारत होते, नाकाच्या मधल्या पडद्यावर, म्हणून रक्त यायचं. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, टोक बाहेरच्या बाजूला, मान किंचित खाली, आणि जोरात ओढायचं नाही. परिणाम यायला काही दिवस लागतात, म्हणून सीझनच्या आधीपासून रोज घ्यायचा, शिंका आल्यावर नाही. पंपाला स्पेसर, म्हणजे पुढे जोडायची पोकळ नळी, आणि नंतर चूळ. नाक मोकळं करणारे थेंब मी सर्रास वापरायचे ते बंद, चार-पाच दिवसांच्या वर वापरले तर नाक उलट जास्त चोंदतं. मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं, पण पाणी उकळून गार केलेलंच, नळाचं थेट नाही, यावर त्या फार कडक आहेत.

दमा काबूत आल्यावर मार्चमध्ये इम्युनोथेरपी सुरू केली. ज्याची अ‍ॅलर्जी त्याचाच अर्क, आधी अगदी पातळ, मग वाढवत नेत शरीराला सवय लावायची. ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे, १९११ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागांवर पहिल्यांदा करून छापलं होतं. माझ्यात गाजरगवत, काटेमाठ आणि माइट्स असे तीनच. आधी दर आठवड्याला, आता महिन्याला एक. तीन ते पाच वर्षं घ्यायचं आहे, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं आणि मधेच सोडायचं असेल तर सुरूच करू नका असंही. प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास तिथेच बसायचं, घाईत असलात तरी सोडत नाहीत. एकदा माझी ५.४२ ची लोकल चुकेल म्हणून मी उठले तर सिस्टरने हाताला धरून बसवलं, "ताई, लोकल दुसरी येईल." ट्रॉलीवर अ‍ॅड्रिनलिन, मोठी रिअ‍ॅक्शन आली तर लगेच द्यायचं इंजेक्शन, भरून ठेवलेलं मला दिसत होतं. मला फक्त दंडाला सूज आली दोन-तीनदा, पण तो अर्धा तास कशासाठी आहे ते समजून घ्या आणि जो तुम्हाला टोचून लगेच घरी पाठवेल त्याच्याकडे जाऊ नका.

सीझनचं सांगते. सप्टेंबरच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत खिडकी सकाळी बंद, दुपारनंतर उघडी. कपडे प्लॉटच्या बाजूच्या दोरीवर नाही, आत स्टँडवर. बाहेरून आल्यावर तोंड, केस धुवायचे. परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की खिडक्या बंद करून घरात थांबायचं. हे मला आधी अतीच वाटलं, पण २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये मेलबर्नला एका संध्याकाळच्या वादळात परागकण ओलाव्याने फुटून हवेत पसरले, हजारो लोकांना दम्याचा झटका आला, १० जण गेले. मुंबईत तसं घडेल असं डॉक्टरबाई म्हणाल्या नाहीत, काळजी घ्या इतकंच म्हणाल्या. आणि सोसायटीने माझी पट्टी चिकटवलेल्या कागदाची झेरॉक्स बघून बिल्डरला पत्र दिलं, ऑगस्टमध्ये फुलं यायच्या आधी अर्धा प्लॉट उपटला गेला. अर्धाच, पण माझ्या खिडकीखालचा.

निकाल: शिंका आहेत, पण रोज दोन-तीन. श्वास मोकळा करणारा पंप (रोजचा नाही, त्रास झाला की घ्यायचा तो) पूर्ण ऑक्टोबरमध्ये पाच वेळा लागला, वहीत लिहिलंय. नेब्युलायझर नाही. कोजागिरीला मी गच्चीवर होते, मास्क लावून, पण होते. यात स्प्रेचा वाटा किती, इंजेक्शनचा किती, उपटलेल्या गवताचा किती ते मी सांगू शकत नाही, डॉक्टरबाई पण म्हणाल्या की पहिल्याच वर्षी इंजेक्शनला सगळं श्रेय देऊ नका.

आता तक्रारी. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. दम्याच्या पेशंटना चढायला तो जुन्या बिल्डिंगचा उभा लाकडी जिना, हे मला अजिबात पटत नाही, एक आजी मधल्या वळणावर बसलेल्या मी दोनदा बघितल्यात. अपॉइंटमेंटची वेळ नावाला, मी सर्वात जास्त पावणेदोन तास थांबलेय. रिसेप्शनवरच्या बाई फोनवर तुसड्या बोलतात. टेस्टचे साडेचार हजार आधीच घेतात आणि मेडिक्लेमला पावती हवी असेल तर तीनदा मागावी लागते. रिपोर्ट फक्त इंग्लिशमध्ये, माझ्या आईसारख्या पेशंटला त्यातलं काय कळणार, मी बोलून दाखवलंय, अजून बदल नाही. बाहेरच्या टेबलावर गादीची माइट-प्रूफ कव्हरं विकायला असतात, घ्या म्हणून मागे लागत नाहीत पण डॉक्टरच्या दारात विक्री मला बरी वाटत नाही.

पाचपैकी चार स्टार, एक त्या जिन्याचा कापला. आईला पण पुढच्या महिन्यात नेतेय, तिला जिना जमेल का बघायला आधी मिस्टर एकदा तिला घेऊन नुसते चढून येणार आहेत. जाणार असाल तर सकाळचा पहिला नंबर मागा, कोपरापर्यंत सहज वर जाईल अशा बाहीचा ड्रेस घाला, हाताला क्रीम लावू नका, आणि तुमच्या खिडकीतून जे दिसतं त्याचा फोटो काढून न्या.